संगणकाचा कूलर बसविताना घ्यावयाची काळजी

२०१६ साली आदिलाबाद जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या निर्मल जिल्ह्यात कूलर म्हटले की पाण्याने भिजलेल्या ताट्यांतून गार हवा देणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. संगणकाच्या प्रोसेसरवर बसविण्यात येणाऱ्या भागासही कूलर असेच म्हणतात. परंतु त्याचे कार्य निराळे आहे. तो हवा गार करीत नाही. प्रोसेसरमधील उष्णता तो धातूच्या पातळ पात्यांत पसरवितो व पंख्याच्या साहाय्याने बाहेरील हवेत सोडतो. त्यामुळे प्रोसेसर भोवतालच्या हवेहून अधिक थंड होऊ शकत नाही.

यावरून उन्हाळ्यातील धोका ध्यानात येईल. समजा, पूर्ण काम करीत असता प्रोसेसर खोलीच्या तापमानाहून ४५ अंशांनी अधिक तापतो. खोलीत २५ अंश असता तो ७० अंशांवर, तर ४० अंश असता ८५ अंशांवर जाईल. कूलर नीट न बसल्याने त्यात आणखी १५ अंशांची भर पडली, तर हिवाळ्यात कोणाच्या लक्षातही येणार नाही. मे महिन्यात मात्र १०० अंश होतील. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या सुमारास आपली गती आपणच कमी करतात व उष्णता वाढतच गेल्यास संगणक बंद पडतो. शाळेतील गुणपत्रक किंवा सेवा केंद्रातील अर्ज अर्धवट भरलेला असल्यास न साठविलेली माहिती नाहीशी होते.

प्रोसेसर व कूलर यांचे पृष्ठभाग गुळगुळीत दिसले, तरी त्यांत सूक्ष्म खाचा असतात व त्यांत हवा राहते. तांबे हवेच्या सुमारे १५ हजार पट सुलभतेने उष्णता वाहून नेते. म्हणजे अडकलेली हवा ही मोठीच अडचण होय. निर्मलची लाकडी खेळणी घडविताना भुसा व चिंचोके यांच्या लेपाने सांधे बुजवितात, त्याचप्रमाणे येथे थर्मल पेस्टने खाचा भरावयाच्या असतात. लेप जाड झाल्यास मात्र तोच उष्णतेस अडथळा ठरतो.

बसविण्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

१. संगणक बंद करून वीजपुरवठ्याची तार काढावी. अंगावरील स्थिर वीज निघून जाण्यासाठी पेटीच्या रंग नसलेल्या धातूस हात लावावा.

२. जुना कूलर सरळ वर ओढू नये. तो हलकेच डावीउजवीकडे फिरवून सैल करावा. काही प्रोसेसरांच्या खालच्या बाजूस पिना असतात; ओढल्यास प्रोसेसर खाचेतून निघून त्या वाकतात.

३. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ कापड यांनी पुसून काढावी. पृष्ठभाग वाळल्यावर मध्यभागी लहान वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवावी. नव्या कूलरच्या तळास पेस्ट आधीच लावलेली असल्यास आणखी लावू नये.

४. तळावरील प्लॅस्टिकचा संरक्षक पापुद्रा काढावयास विसरू नये.

५. कूलर सरळ खाली ठेवून समोरासमोरच्या कोपऱ्यांतील स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू आधी आवळल्यास दाब विषम होतो. दाबून बसणाऱ्या खुंट्याही कर्णरेषेत दाबाव्यात. इंटेलच्या खुंट्यांवरील बाण सोडविण्याची दिशा दर्शवितो, हे ध्यानी ठेवावे.

६. पंख्याची तार मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या जागीच जोडावी. कोणतीही तार पात्यांत येऊ देऊ नये.

यानंतर संगणक चालू करून पंखा फिरतो काय, ते पाहावे व बायॉसमध्ये तापमान तपासावे. ते भराभर वाढू लागल्यास संगणक तत्काळ बंद करून कूलर पुन्हा बसवावा. सकाळच्या गारव्यात झालेली चाचणी पुरेशी मानू नये. भर दुपारी, नेहमीचे काम चालू असताना जो प्रोसेसर मर्यादेत राहतो, त्याचाच कूलर नीट बसला असे समजावे.