गल्ल्यातला सोनेरी रुपया

गणपतीच्या आदल्या रात्री दुकानाचा गल्ला मोजताना चिल्लरीत एक रुपया सोन्यासारखा चमकला. २०११ च्या मालिकेतलं, ₹ चिन्हाचं नेहमीचं नाणं, पण रंग पिवळाधमक. मी ठरवूनच टाकलं, की टांकसाळीत पाचाच्या चकतीवर चुकून रुपयाचा ठसा बसला. अशा चुकलेल्या नाण्यांना संग्राहक पैसे मोजतात हे ऐकून होतो. मोबाइलवर फोटो टाकला. एकाने फोनवरच मोठी रक्कम कबूल केली आणि 'नोंदणी'चे साडेसातशे आधी मागितले. मी पाठवले. तो नंबर पुन्हा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाने फ्रिजवरचं चुंबक जवळ नेलं आणि रुपया टपकन चिकटला.

एवढंच आधी करायचं होतं. आपला रुपया स्टेनलेस स्टीलचा, चुंबकाला धरतो. त्याच मालिकेतलं पाचाचं नाणं निकेल-पितळेचं, ते धरत नाही. सोनेरी रुपया चिकटला, म्हणजे आत स्टीलच आहे. कुणीतरी आहेरासाठी किंवा देवापुढे ठेवायला हौसेने मुलामा दिलेला असतो.

चिकटला नाही, तर वजन करा. किराण्याच्या काट्यावर नाही, सराफाकडे. हा रुपया ३.७९ ग्रॅमचा, पाचाचं नाणं ६ ग्रॅमचं. मुलाम्याचा थर इतका पातळ, की त्याने वजनात नावालाच फरक पडतो.

मग भिंगाखाली पाहा. माझ्या नाण्यावर वापराचे जुने चरे होते आणि त्या चऱ्यांच्या आतही सोनेरी रंग उतरला होता. म्हणजे नाणं आधी बाजारात फिरलं, रंग नंतर चढला. कडेला घासलेल्या जागी पांढरं स्टील उघडंही पडलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर होतं ते, पण मी पाहिलं नाही. आगीत तापलेलं स्टीलही सोनेरी-जांभळं होतं, त्यालाही फसू नका.

आणि पैसे आधी मागणाऱ्याला सरळ नकार द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांसाठी शुल्क मागितलं जातं. बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय, की ती या व्यवहारात नाही आणि असं शुल्क घेत नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो: आत काय आहे हे बघायला नाणं कानशीने खरवडू नका, चिंच-मिठानेही घासू नका. खरंच टांकसाळीची चूक हाती आली असेल, तर तिची किंमत त्या एका ओरखड्याने जाईल.