भंगारवाला जे नेत नाही ते

पालकहो, शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’चं प्रदर्शन जाहीर झालं, की आपण आधी स्टेशनरीचं दुकान गाठतो. चमकीचा कागद, फोमचे पत्रे, गोंदाच्या कांड्या, नव्या कोऱ्या आइस्क्रीमच्या काड्या, सगळं विकत येतं. रात्री आई-बाबा जागून ते पुरं करतात आणि मूल शेजारी झोपून गेलेलं असतं. प्रदर्शनानंतर ती वस्तू कपाटावर धूळ खाते आणि दिवाळीच्या साफसफाईत घंटागाडीत जाते. कागद, कापड, प्लास्टिक एकमेकांना असं चिकटलेलं असतं, की भंगारवालाही तिला हात लावत नाही. कचरा कमी करायला निघालो होतो, तो आपण वाढवून ठेवला.

तुमच्या कष्टांना मी नावं ठेवत नाही. अडचण वेगळीच आहे. एका घरात टाकाऊ म्हणून सापडून सापडून काय सापडणार? दोन बाटल्या, एखादं खोकं, जुनी लग्नपत्रिका. एवढ्यातून मुलाला काही सुचत नाही, म्हणून बाजार करावा लागतो. सगळ्या गावाची उरलीसुरली सामग्री एका खोलीत गोळा झाली, तर मात्र चित्र पालटतं.

आपल्या चांदवडमध्ये रोज काय काय उरतं ते बघा. लोखंड, पुठ्ठा, रद्दी, ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला वजनावर नेतो. त्याची काळजी नको. शिंप्याकडची कातरण, धाग्याची रिकामी रिळं, छापखान्यात कागद कापून उरलेल्या पट्ट्या, सुताराकडचे वीतभर ठोकळे, कांद्याच्या फाटक्या जाळीदार गोण्या, वडनेर भैरवकडच्या द्राक्षांचे जास्तीचे पनेट म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे, यांना मात्र फारसं कोणी विचारत नाही. थोडथोडं असल्यानं त्यांना भाव येत नाही आणि ते थेट कचऱ्यात जातं. मुलांच्या हाताला हवं असतं ते नेमकं हेच: एकाच आकाराच्या पुष्कळ वस्तू, मोडल्या तरी कोणी रागावणार नाही अशा.

जगात काही शहरांनी याची रीतसर घडी बसवली आहे. न्यूयॉर्कमध्ये 1978 साली तिथल्या प्राणिसंग्रहालयाला प्राण्यांची औषधं ठेवायला फ्रिज हवा होता. महापालिकेच्या सांस्कृतिक विभागात काम करणाऱ्या अँजेला फ्रीमाँट या चित्रकर्तीनं रेडिओवरून आवाहन केलं आणि देणाऱ्यांची रीघ लागली. त्यातून ‘मटेरियल्स फॉर द आर्ट्स’ हे केंद्र उभं राहिलं. कंपन्या, दुकानं, नाटकवाले आपलं उरलेलं सामान तिथे देतात आणि सरकारी शाळांचे शिक्षक ते फुकट घेऊन जातात. इटलीतल्या रेज्जो एमिलिया या शहरात 1996 पासून ‘रेमिडा’ आहे. तिथे कारखान्यांतला नाकारलेला माल बालवाड्यांच्या हाती जातो.

आपल्याला हा विचार परका नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी आपल्या आज्यांनी शिवली आणि जुने कपडे देऊन भांडी घेण्याची रीत कालपरवापर्यंत दारोदार होती. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या मुक्तांगण विज्ञानशोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून विज्ञानाची खेळणी केली. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या जोडून ते त्रिकोण-चौकोन शिकवत. ती जोडणी सोडवता येते, पुन्हा दुसरं काही करता येतं. खेळणं मोडून आत काय आहे ते पाहणं हाही त्यांच्या दृष्टीनं शिकण्याचाच भाग. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत. एखादं घरात आणाच.

सरकारी पातळीवरही असा प्रयत्न झाला. मे 2023 मध्ये ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत देशभरच्या नगरपालिकांनी जुनी पुस्तकं, कपडे, खेळणी जमा करायला केंद्रं उघडली. कल्पना उत्तमच. पण नुसतं जमा करून भागत नाही, उचलणारे हात लागतात. वस्तू स्वच्छ हव्यात, प्रकारानुसार वेगळ्या डब्यांत लावलेल्या हव्यात आणि आठवड्यातून ठरलेल्या वारी दार उघडं हवं. नाहीतर महिनाभरात सामानाच्या खोलीचा उकिरडा होतो. म्हणून नाही म्हणायलाही शिकावं लागेल. खरकटं, ओलं, गंजलेलं घ्यायचं नाही. आणि आपल्या द्राक्षपट्ट्यात तर एक गोष्ट पुनःपुन्हा सांगायला हवी: फवारणीच्या औषधाची बाटली कितीही धुतलेली असली, तरी ती मुलांच्या हाती जाता कामा नये. मुदत संपलेली औषधं आणि बॅटऱ्याही नकोत.

अशा खोलीनं गावाचा सगळा कचरा संपेल असं मी म्हणणार नाही. घरच्या कचऱ्यात वजनानं निम्मा किंवा त्याहून जास्त ओलाच असतो. त्याला खतखड्डाच हवा. या खोलीचं काम दोन जागी आहे. भंगारवाला नेत नाही ते कचऱ्यातून वाचतं आणि नव्या सामानाची खरेदी टळते. मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं, कारण जी वस्तू विकतच आणली नाही, तिचा कचराही होत नाही. शिवाय ज्या मुलानं रिळांची गाडी स्वतः जुळवली, ते पुढचं रीळ फेकण्याआधी थांबून बघतं.

येत्या पालकसभेत एवढं मागा: शाळेतली एक रिकामी खोली, ती नसेल तर एक कपाट. शिंपी, छापखाना, सुतार यांच्याकडे पिशवी ठेवून यायचं काम दोघा-तिघांनी वाटून घ्या, वर्गवारी मुलांना करू द्या. प्रदर्शनाला घरून करून आणलेली वस्तू नको, मुलांना शाळेतच याच सामानातून घडवू द्या, असंही शिक्षकांना सांगा. आणि त्या दिवशी मुलाची गाडी वाकडी झाली, तर ती वाकडीच राहू द्या.