संस्थेच्या संगणकाची राखण

पीक निसवले म्हणजे शेतकरी राखणीस माणूस ठेवतो. खळ्यावर रास पडली म्हणजे तो स्वतः तेथे निजावयास जातो. धान्याच्या राखणीची ही रीत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. परंतु तेच धान्य विकून आलेल्या पैशाचा हिशेब आज ज्या संगणकात राहतो, त्याच्या राखणीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही.

शेतकरी उत्पादक कंपन्यांचे दप्तर आज बहुतांशी संगणकावरच असते. प्राथमिक कृषी पतसंस्थाही त्याच मार्गाने जात आहेत. केंद्र शासनाने २९ जून २०२२ रोजी ६३,००० पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. सभासदाचे भाग, त्याने घातलेला माल, त्याचे येणे व त्याचे कर्ज यांची नोंद आता वहीऐवजी यंत्रात होते. यास्तव ही नोंद नष्ट झाली तर हानी यंत्राची नव्हे, सभासदांची होते.

नकलेचे महत्त्व

२७ जून २०१७ रोजी मर्स्क या जहाज कंपनीच्या संगणकांत नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम शिरला. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, याच उद्योगसमूहाकडून चालविल्या जाणाऱ्या धक्क्याचे कामही त्यामुळे विस्कळित झाले. कोणास कोणता अधिकार आहे हे ठरविणारी मर्स्कची मूळ नोंद जगभरच्या तिच्या संगणकांतून पुसली गेली. आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयातील एकच संगणक त्या वेळी वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटलेला होता. त्यावरील प्रत तेवढी वाचली आणि तिच्याच आधारे सारा कारभार पुन्हा उभारता आला.

मोठ्या कंपनीस योगायोगाने जे लाभले, ते लहान संस्थेने नियमाने करावे. पेरणीचे बियाणे कोणी खाण्याच्या धान्यात मिसळून ठेवीत नाही. ते वेगळ्या कणगीत ठेवतात. त्याचप्रमाणे हिशेबाच्या एकूण तीन प्रती असाव्यात: एक चालू संगणकात, दुसरी बाह्य हार्डडिस्कवर व तिसरी दुसऱ्या इमारतीत. नक्कल काढून होताच डिस्क संगणकापासून अलग करावी. ती जोडलेलीच राहिली तर खंडणीसाठी दप्तर कुलूपबंद करणारा प्रोग्राम मूळ नोंदीबरोबर नकलेसही निकामी करतो. ज्या दिवशी व्यवहार झाला त्या दिवशी संध्याकाळी नक्कल काढावी. डिस्क कुलपात ठेवावी, कारण तिच्यावर सभासदांचे आधार व बँक खात्यांचे क्रमांक असतात.

नक्कल काढली एवढ्याने काम संपत नाही. बियाण्याची उगवणशक्ती जशी पेरणीपूर्वी तपासतात, तशी महिन्यातून एकदा नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी व चार सभासदांची खाती मूळ नोंदीशी ताडून घ्यावीत.

सुधारणा वेळेवर घेणे

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीचा प्रोग्राम सुमारे १५० देशांत पसरला. त्याने ज्या उणिवेचा फायदा घेतला, तिच्यावरील सुधारणा मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च रोजीच दिली होती. औषध दोन महिने हाताशी असून फवारणी न केल्यामुळे रोग पसरावा, असाच हा प्रकार होय. संगणक सुधारणा मागतो तेव्हा ती ‘नंतर’ म्हणून लांबणीवर टाकू नये. विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. ज्या संस्थेत ती अद्याप चालू असेल तिने बदलाची तरतूद अंदाजपत्रकात करावी. चोरून उतरविलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर कधीही वापरू नये.

किल्ल्या ज्याच्या त्याच्याकडे

एकच पासवर्ड सर्वांना ठाऊक असणे म्हणजे गोदामाची किल्ली चावडीवर टांगणे होय. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा आणि तो नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करावा. बँक व ईमेल यांस पासवर्डखेरीज दुसऱ्या पडताळणीची जोड द्यावी. डिजिटल स्वाक्षरीचे साधन ज्याचे त्याने स्वतःजवळ ठेवावे. हिशेबनिसाच्या खणात टाकू नये. पैसे पाठविण्याची नोंद एकाने करावी व मंजुरी दुसऱ्याने द्यावी.

फसवणुकीच्या रीती

लहान संस्थांचा पैसा पुष्कळदा यंत्र फोडून नव्हे, माणसास फसवून नेला जातो. समजा, खताच्या व्यापाऱ्याच्या नावाने ईमेल आला की, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळची रक्कम नव्या खात्यावर भरावी.’ अशा वेळी पत्रातील क्रमांकावर फोन करू नये. संस्थेच्या वहीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर व्यापाऱ्याशी प्रत्यक्ष बोलावे आणि मगच रक्कम भरावी. शासकीय योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नये. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे प्रत्येक सभासदास सांगावे.

घात झाल्यास

संशय येताच संगणकाची जाळ्याची तार काढावी व वायफाय बंद करावे. संगणक घाईने पुसून नव्याने भरू नये, कारण पुरावा त्यातच असतो. पैसे गेले असतील तर तत्क्षणी बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढील खात्यांत फिरण्यापूर्वी कळले तर ती थोपविणे शक्य असते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळविणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. हे सर्व क्रमांक कागदावर लिहून भिंतीवर लावावेत; बंद पडलेल्या संगणकात ते शोधता येणार नाहीत.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. चुकीची फाइल उघडणारा कर्मचारी बहुधा बोलणी खाण्याच्या भीतीने गप्प बसतो आणि पैसा वाचविण्याची वेळ त्या मौनात निघून जाते. ‘चूक तात्काळ सांगणाऱ्यास दोष दिला जाणार नाही,’ असा ठराव संचालक मंडळाने करून तो सर्वांस वाचून दाखवावा. या ठरावास खर्च काहीच नाही, परंतु त्याचे मोल मोठे आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी संस्थेच्या पुढील मासिक सभेत चार प्रश्न विचारावेत. शेवटची नक्कल केव्हा काढली? ती उघडून कोणी पाहिली? सोडून गेलेल्यांचे प्रवेश बंद झाले काय? १९३० हा क्रमांक भिंतीवर आहे काय? या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळेपर्यंत दर महिन्यास ते पुन्हा विचारावेत.