खारफुटीतल्या कोल्ह्याचे वेळापत्रक कसे मांडावे

नवी मुंबईत माणसाच्या शेजारी जगण्याची परीक्षा सोनेरी कोल्हा देतो आहे. खाडी आणि इमारती यांच्या मधल्या खारफुटीत, ऐरोलीकडे आणि खारघरकडे, तो अजून टिकून आहे. त्याचा दिनक्रम खाडी ठरवते की आपण, हे शोधण्याची ही कृती. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून ती करावी असे मला मनापासून वाटते. नवे दिवे, नवा रस्ता कुठे नको हे सांगताना हातात नोंदी लागतात.

साहित्य: भरती-ओहोटीचे तक्ते, तिथी असलेली दिनदर्शिका, जाड वही, मोजपट्टी, फोन.

१. पट्टा ठरवा. एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला वस्ती, अशी साधारण एक किलोमीटरची वाट निवडा. राखीव वनात शिरायचे तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागते. ती नसेल तर सार्वजनिक रस्त्यावरूनच काम करा, तेवढ्यानेही पुष्कळ कळते. कचऱ्याचे ढीग, दिव्यांचे खांब, कुंपणातली भगदाडे आणि भटक्या कुत्र्यांचे अड्डे नकाशावर आधीच मांडून घ्या.

२. वेळ बांधून घ्या. सगळी कृती या पायरीवर उभी आहे. संध्याकाळचे सहा ते नऊ, रोज तेच तीन तास, पाळीपाळीने. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. माणसांची फिरायला येण्याची वेळ सरकत नाही. कोल्हा रोज त्याच सुमारास बाहेर पडत असेल तर तो आपल्याला पाहून चालतो. त्याची वेळ भरतीबरोबर सरकत असेल तर तो चिखल उघडा पडण्याची, म्हणजे खेकडे हाती लागण्याची, वाट पाहतो.

एका पक्षावर थांबू नका. शुक्ल आणि कृष्ण अष्टमीला संध्याकाळची भरती जवळपास सारखीच असते, कोळी जिला भांग म्हणतात ती. पण शुक्ल अष्टमीच्या संध्याकाळी चंद्र वर असतो, कृष्ण अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. दोन्ही पक्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की उजेडाचा आणि पाण्याचा परिणाम वेगळा काढता येतो. निदान दोन-तीन महिने तरी हे चालवा.

३. ठसे पाहा. ओहोटीनंतरचा ओला बांध उत्तम. पुढच्या पायाच्या ठशात मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागून जुळलेल्या दिसल्या तर तो कोल्हा. कुत्र्याच्या सुट्या असतात. ठसाही कुत्र्यापेक्षा अरुंद आणि लांबट. शेजारी मोजपट्टी ठेवून बरोबर वरून फोटो घ्या. चिखल पातळ असेल तर गाद्या नीट उमटत नाहीत. असा ठसा ‘अनिश्चित’ म्हणूनच लिहा.

४. कोल्हेकुई ऐकू आली की वेळ, दिशा आणि आधी काय वाजले ते लिहा. अजान, लोकलचा भोंगा, रुग्णवाहिका, फटाके, सगळे. आवाजावरून कोल्हे किती, हे ठरवू नका. दोघांची कुई चौघांसारखी वाटते.

५. त्याच वहीत माणसे आणि कुत्रीही मोजा. दर अर्ध्या तासाला किती जण गेले, कुत्री किती, कुणी खायला घातले का. ही मोजणी नसेल तर कोल्ह्याच्या नोंदीला अर्थ लागत नाही. कोल्हा न दिसलेली संध्याकाळही पूर्ण भरायची. ‘काही नाही’ हीसुद्धा नोंद आहे, आणि ती गाळणारी वही कोल्हा नेहमीच दिसतो असे खोटे सांगते.

६. सारसोळे, दिवाळे अशा गावांतल्या मासेमारांना विचारा: पूर्वी कुठे दिसायचा, जाळ्यातली टाकलेली मासळी खातो का, कुठला भराव झाल्यावर दिसेनासा झाला. त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवा.

७. खायला घालू नका, टॉर्च रोखू नका, बीळ सापडले तर परत फिरा. विष्ठेला हात लावू नका. तिच्या तपासणीचे काम परवानगी असलेल्या अभ्यासकांचे आहे. २०२४ मध्ये चेंबूर परिसरातल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला होता, म्हणून दिवसाढवळ्या झोकांड्या खाणारा किंवा अंगावर येणारा प्राणी दिसला तर दूर जा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्यात १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात लस घ्या.

८. महिनाअखेरीस आलेख काढा: आडव्या रेषेवर तिथी, उभ्या रेषेवर दिसण्याची वेळ, आणि त्यावरच भरतीची वेळ दुसऱ्या रंगाने. बिळाची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. वहीची प्रत कांदळवन कक्षाकडे द्या.