सल्लागारी पत्करण्यापूर्वी

चि. सुमेधा,

विद्यापीठात अर्थशास्त्राची व्याख्याती म्हणून तू कायम झालीस आणि लागलीच एका जिल्ह्याच्या विकास आराखड्यासाठी सल्लागार म्हणून तुला पाचारण झाले, तेव्हा दोहोंपैकी काय धरावे, असे तू विचारतेस. दोन्ही धर. मात्र अध्यापन हे घर आणि सल्लागारी ही मुशाफिरी, हा क्रम उलटू देऊ नकोस. कारण ज्याचा चरितार्थच काम देणाऱ्याच्या मेहनतान्यावर चालतो, त्याच्या लेखणीला धन्याचा कल न सांगता कळू लागतो, आणि ‘ही योजना करू नये’ एवढे लिहिण्याची वेळ आली की तीच लेखणी नेमकी अडखळते.

अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांचे चरित्र या दृष्टीने पाहा. १९३० साली पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तेव्हापासून संचालकपदी राहून त्यांनी फळबाजार, मोटार वाहतूक, वाई तालुक्यातील शेती अशा, विद्वानांना क्षुद्र वाटणाऱ्या विषयांच्या पाहण्या करविल्या; आणि विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेच्या परिसरात शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना काढण्याचे मनावर घेतले, तेव्हा नुसता सल्ला देऊन ते पुण्यास परतले नाहीत, तर कारखान्याचे अध्यक्षपद पत्करून भागधारकांना जाब देण्यास बांधले गेले. पुढे १९६९ मध्ये केंद्रीय साहाय्याच्या वाटपाचे जे सूत्र त्यांच्या नावे रूढ झाले, तेही असे सुटसुटीत, की विशेष साहाय्याची राज्ये वगळल्यावर ६० टक्के लोकसंख्येवर आणि उरलेले चार कसोट्यांवर दहा-दहा टक्के, हा हिशेब खजिन्यातल्या कोणत्याही कारकुनाने पडताळून पाहावा. (अहवालाला रंगीत वेष्टन घातले की तो न वाचण्याची सोय होते, असा माझा जुना संशय आहे.)

गावी गेलीस म्हणजे दप्तरातल्या आकड्यांवर भिस्त ठेवू नकोस. पीकपाहणीचा रकाना शेताच्या बांधावर भरला की चावडीत बसून, आणि आणेवारी ठरताना कोणाचे वजन पडले, हे उताऱ्यावर लिहिलेले नसते. कोणाला उत्पन्न तर विचारूच नकोस. परक्याने विचारले की ते निम्मे सांगावे, हे शेतकऱ्याचे पिढीजात शहाणपण आहे, आणि ते गैर नाही. त्यापेक्षा ज्येष्ठ-आषाढात ज्वारी घरची होती की विकतची, बियाणे कोणाकडून उचलले, बैल विकला तो कोणत्या महिन्यात, हे विचार. आणि हे प्रश्न ओसरीवरच्या पुरुषांइतकेच आतल्या बाईलाही विचार, कारण कणगीचा तळ तिनेच पाहिलेला असतो. प्रश्नावल्या भरायला आपले विद्यार्थी बरोबर ने. भाड्याच्या माणसांपेक्षा ते चुका अधिक करतील, पण वर्गात परतल्यावर तुझ्या निष्कर्षांवर बिनधास्त शंका काढतील, आणि ते धाडस मामलेदार कचेरीतल्या बैठकीत कोणी करणार नाही.

करारनाम्याचा मसुदा सही करण्यापूर्वी मजकडे धाड. भरलेल्या प्रश्नावल्या विद्यापीठाच्या ताब्यात राहतील आणि काम देणाऱ्यास पसंत पडो वा न पडो, अहवाल प्रसिद्ध करण्याची तुला मुभा असेल, ही दोन कलमे त्यात नसतील तर घालून घे. ते नाकारीत असतील तर मेहनतान्याची वाटाघाट पुढे चालवू नकोस. तुझ्या आईस नमस्कार सांग.

तुझा,
मामा