शेल वायू आणि आपल्या विहिरीचे पाणी

तंजावरचे नाव मराठी माणसाला नवे नाही. भोसले घराण्याचे राज्य तेथे पावणेदोनशे वर्षे होते. कावेरीच्या मुखाकडील हा त्रिभुज प्रदेश म्हणजे तामिळनाडूचे भाताचे कोठार. या भाताखाली, खोल खडकात, तेल आणि नैसर्गिक वायूही आहे. तो वायू नव्या पद्धतीने काढण्यास तेथील शेतकऱ्यांनी २०१० नंतर सुमारे दहा वर्षे विरोध केला. त्यामागचे कारण समजून घेणे आपल्याही उपयोगाचे आहे.

वायू कसा काढतात?

शेल म्हणजे बारीक चिकणमाती थरावर थर दाबली जाऊन तयार झालेला पापुद्र्यांचा खडक. त्यातील वायू आपोआप वर येत नाही. त्यासाठी दोन-तीन हजार मीटर खोल छिद्र घेऊन ते आडवे वळवतात आणि पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने आत सोडून खडकाला बारीक भेगा पाडतात. एका विहिरीला यासाठी साधारण एक ते दोन कोटी लिटर पाणी लागते. दीड कोटी धरा. ओलिताची एक पाळी ७.५ सें.मी. धरली तर हेक्टरी साडेसात लाख लिटर पाणी लागते. म्हणजे २० हेक्टरांची एक पाळी एका विहिरीत गेली.

एवढे पाणी एकदाच गेले तर कदाचित सोसेलही. खरी अडचण परत येणाऱ्या पाण्याची आहे. यातील काही पाणी खडकातील क्षार घेऊन वर येते आणि ते पुष्कळदा समुद्राच्या पाण्याहून खारट असते. ते साठवताना, वाहून नेताना सांडले तर जमीन खारावते. केसिंग पाईपभोवतीचे सिमेंट कच्चे राहिले तर वायू भूजलातही शिरतो.

दगडी कोळशाच्या थरातील मिथेन काढण्याची रीत वेगळी आहे. तेथे थरातील पाणी उपसून दाब कमी करावा लागतो. समुद्रकाठच्या प्रदेशात असा उपसा म्हणजे खारे पाणी आत ओढून घेण्याची भीती. तंजावर-तिरुवारूरच्या शेतकऱ्यांचा पहिला विरोध या मिथेनलाच होता.

त्रिभुज प्रदेशात काय घडले?

मन्नारगुडी परिसरात मिथेन काढण्याचा करार २०१० मध्ये झाला. सेंद्रिय शेतीचे प्रसारक जी. नम्माळवार यांनी गावोगाव फिरून या प्रकल्पाविरुद्ध जागृती केली. डिसेंबर २०१३ मध्ये या कामात असतानाच त्यांचे निधन झाले. राज्य शासनाने २०१३ मध्ये काम थांबवले व २०१५ मध्ये मिथेन प्रकल्पांना मनाई केली. दरम्यान ऑक्टोबर २०१३ मध्ये केंद्राचे शेल वायूविषयीचे धोरण आले व सरकारी कंपन्यांना शोधाची मुभा मिळाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुदुकोट्टई जिल्ह्यातील नेडुवासलचे नाव हायड्रोकार्बन प्रकल्पांच्या यादीत आले. हे बोअरच्या पाण्यावर पिकणारे गाव. दुसऱ्याच दिवशी लोक धरणे धरून बसले. मार्चमध्ये ते थांबले, पण २७ मार्चला करारावर सह्या झाल्या आणि एप्रिलमध्ये लोक पुन्हा बसले. प्रकल्प तेथे सुरू झाला नाही.

१६ जानेवारी २०२० च्या केंद्रीय अधिसूचनेने तेल-वायूच्या शोधकार्याला जनसुनावणीतून वगळले. शोध म्हणजे नुसती पाहणी नव्हे, त्यात विहीर खोदणेही येते. पुढच्याच महिन्यात तामिळनाडू विधानसभेने संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदा केला. मिथेन, शेल वायू व तत्सम पदार्थांचा शोध आणि उत्खनन या क्षेत्रात बंद झाले. मात्र आधीपासून चालू असलेल्या कामांना तो लागू नाही, हे ध्यानात ठेवावे.

वायू शत्रू आहे असे नाही. आपण टाकतो त्या युरियाचे बरेचसे पोते नैसर्गिक वायूपासूनच बनते. पण भूगर्भातील वायूचा परवाना शासन देते. शेतकऱ्याला जमिनीचे भाडे किंवा भरपाई मिळते आणि बिघडलेले पाणी मात्र त्याच्याच पदरी राहते. तेव्हा त्याने आधी विचारणे रास्तच आहे.

आपल्याकडे बहुतेक भागात काळ्या पाषाणाचा जाड थर असल्याने हा प्रश्न दूरचा वाटेल. तथापि खाण येवो की कारखाना, पाणी बिघडले तर ते आधी कसे होते हे दाखवावे लागते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात शेल वायू आल्यावर हाच वाद झाला. विहिरीत वायू आधीपासूनच होता, असे कंपन्या म्हणत. तेथील २०१२ च्या कायद्यानुसार वायूच्या विहिरीपासून २५०० फुटांच्या आतील पाणी १२ महिन्यांत बिघडले तर जबाबदारी कंपनीची धरली जाते. पण जमीनमालकाने आधी पाणी तपासू दिले नसेल तर कंपनी सुटू शकते.

म्हणून शिवारात सर्वेक्षणाच्या खुणा दिसताच पाणी तपासून घ्यावे. पंप १५-२० मिनिटे चालवावा. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळून एक लिटर नमुना घ्यावा. गट क्रमांक, विहिरीची खोली व तारीख लिहावी आणि नमुना लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवावा. सामू, विद्युत वाहकता व क्लोराइड यांची तपासणी मागावी. वाहकता २.२५ डेसी सायमन प्रति मीटरच्या वर असेल तर ते पाणी ओलितास जोखमीचे. मिथेनची तपासणी मात्र अशा नमुन्यावर होत नाही, कारण वायू उडून जातो. तो नमुना प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच घ्यावा. मे व ऑक्टोबरमध्ये पाण्याची पातळी दोरीने मोजून वहीत नोंदवावी. शेजारच्या चार-पाच विहिरींचे नमुने एकाच दिवशी घेतले तर उत्तम. अहवालाची एक प्रत घरी व एक ग्रामपंचायतीच्या दप्तरी, पोच घेऊन, ठेवावी.