जिभेची तूट

बँकेत 32 वर्षं काढली, त्यातली शेवटची दहा मुख्य रोखपाल म्हणून. माझी रोकड चुकत नाही आणि माझ्या तोंडी लागायचं नाही, ही दोन वाक्यं शाखेत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाच्या कानावर पडायची. दुसऱ्याचाही मला अभिमानच वाटे. कुणाची बेरीज चुकली की मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचो, "दहावीला गणिताच्या पेपरला कुणाला बसवलं होतंस?" आजूबाजूला हशा पिकायचा. ज्याला बोललो तोही हसायचा. न हसून करतो काय बिचारा!

लग्नसराईतला एक सोमवार. नवी मुलगी काउंटरवर बसायला लागून तीनच महिने झाले होते. एका गृहस्थांनी आहेरासाठी शंभराच्या नोटांत दहा हजार मागितले. गर्दीत तिनं शंभराऐवजी पाचशेचं पाकीट दिलं. दोन्हींत नोटा शंभरच, जाडी सारखीच. एक जांभळट, एक करडं, आणि मागे रांग खोळंबलेली. संध्याकाळी 40,000 ची तूट. तीनदा मोजलं, आणि तिसऱ्यांदा मोजताना तिला रडू फुटलं. तिला ते दुपारी साडेबारालाच कळलं होतं.

"अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सर, सगळ्यांसमोर तुम्ही काय बोलाल, याची भीती वाटली."

कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. ते गृहस्थ एक वाजेपर्यंत शाखेतच होते. पासबुक छापून घ्यायच्या रांगेत, तिच्यापासून पंधरा पावलांवर. आता त्यांचा फोन बंद. तूट रोखपालानंच भरायची, हा आमच्याकडचा शिरस्ता. चौथ्या दिवशी त्यांनी घरी पाकीट फोडलं आणि आपण होऊन पैसे परत आणून दिले. भला माणूस. पण ते चार दिवस त्या पोरीनं कसे काढले असतील, ते मी तिला आजही विचारलेलं नाही.

कागदोपत्री चूक तिची. मात्र तो अर्धा तास माझ्या खात्यावर होता.

आई श्रावणात ज्ञानेश्वरी वाचायची. सोळाव्या अध्यायात दैवी आणि आसुरी संपत्तीची फोड आहे. मूळ गीतेत चांगले गुण 26, तीन श्लोकभर. दोष मात्र एका श्लोकात आटोपलेले सहा: दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, पारुष्य, अज्ञान. पारुष्य म्हणजे कठोर बोलणं. ते रावण-कंसांसाठी असावं अशी माझी समजूत होती. बँकेत डबा घेऊन जाणारा माणूस त्यात बसतो, हे त्या आठवड्यात उमगलं.

मग मी गप्प राहायला लागलो, आणि ते आणखी वाईट निघालं. चूक दिसली की भुवई वर करून निघून जायचो. लोक जास्तच घाबरले. बोचरं बोलणारा माणूस तोंड मिटतो तेव्हा समोरचा ते वाक्य मनात स्वतःच पुरं करतो. दोष नुसता दाबून भागत नाही, त्या जागी दुसरं काही बसवावं लागतं. त्याच 26 गुणांत मार्दव आहे. मार्दव म्हणजे गुळचटपणा नव्हे. रोकड चुकली तर चुकली असंच सांगायचं. मी एवढंच बदललं की "कसं चुकलं?" याऐवजी आधी "किती वाजता लक्षात आलं?" असं विचारू लागलो. पहिल्या प्रश्नाला लोक सबबी देतात, दुसऱ्याला माहिती. कुणी आपणहून चूक सांगितली, तर त्या दिवशी तिच्यावर विनोद नाही, कितीही छान सुचला तरी. (सुचायचेच हो, फार छान सुचायचे.) आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी माझी एक जुनी चूक सांगायची. माझी रोकड चुकत नाही ही आख्यायिका होती. खरं तर दोनदा चुकली होती.

तुमच्याही हाताखाली कुणी असेल, घरात दहावीतलं पोर असेल, तर एवढं पाहा: वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती वेळात पोचते? माझ्या घरी मुलाच्या गाडीला लागलेला ओरखडा मला तीन आठवड्यांनी कळला होता, तोही शेजाऱ्याकडून.

पुढच्या दिवाळीच्या आधी, भर गर्दीत, त्याच मुलीनं काउंटरवरून हाक मारली, "सर, लवकर या, मी घोळ घातलाय!" दोनशे रुपये जास्त गेले होते. ग्राहकानं अजून पिशवीची चेनही लावली नव्हती.